परदेशात वाजणाऱ्या गाण्याचे पैसे गावापर्यंत का पोचत नाहीत

सिंदेवाही तालुक्यातल्या एका गीतकार भावाने विचारले आहे. त्यांची पंचवीसेक गाणी आहेत: काही झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांसाठी लिहिलेली, बरीचशी भीमगीते, दोन-तीन लग्नाची. काही गाणी एका स्थानिक कंपनीच्या यूट्यूब चॅनलवर आहेत, बाकीची त्यांनी स्वतः डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ऑनलाइन सेवांवर चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत, स्पॉटिफाय वगैरेंवर टाकली. डिस्ट्रिब्युटरच्या अहवालात अमेरिका, इंग्लंड, दुबई दिसते, पण वर्षाकाठी हातात येतात हजार-बाराशे रुपये. आता एक जण म्हणतो, "पंधरा हजार भरा, जगभरातल्या संस्थांत नाव नोंदवून देतो." भरावेत का, की थेट अमेरिकेतल्या संस्थेत आपणच नाव घालावे, असा प्रश्न आहे.

भाऊ, पंधरा हजार आत्ता भरू नका. अमेरिकेतला अर्जही थांबवा. मी गेली कित्येक वर्षे ब्रह्मपुरी-वडसा भागातल्या गीतकारांची आणि छोट्या प्रकाशकांची नोंदणी आणि हिशेब पाहतो. परदेशातले पैसे अडतात ते बहुतेक वेळा तिकडे आपले खाते नाही म्हणून नाही. त्या गाण्याचा धनी कोण, हे इकडेच कुणी नीट लिहून ठेवलेले नसते म्हणून अडतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे पैसे एकत्र झाले आहेत. एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, म्हणजे रचना. दुसरी म्हणजे स्टुडिओत झालेले रेकॉर्डिंग. डिस्ट्रिब्युटर तुम्हाला जे हजार-बाराशे देतो ते रेकॉर्डिंगचे. गीतकार म्हणून तुमचा जो वाटा आहे तो त्या रस्त्याने येतच नाही. लंडनमध्ये कुणी तुमचे भीमगीत स्पॉटिफायवर ऐकले, तर रेकॉर्डिंगचा भाग डिस्ट्रिब्युटरकडे जातो आणि रचनेचा भाग हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या वाटेला लागतो. इंग्लंडमध्ये पीआरएस, जर्मनीत गेमा, फ्रान्समध्ये सासेम, आपल्याकडे १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस. या संस्थांचे आपसात करार असतात: तुमच्या देशात आमच्या सदस्याचे गाणे वाजले तर तुम्ही गोळा करा आणि आम्हाला पाठवा. म्हणजे गावातून निघालेल्या गीतकाराला प्रत्येक देशात नाव घालत फिरायची गरज नाही, रस्ता आधीच बांधलेला आहे.

फक्त त्या रस्त्यावर गाणे ओळखता आले पाहिजे. तिकडच्या संस्थेकडे लाखो ओळींची यादी येते. त्यात गाण्याचे नाव, गायकाचे नाव आणि रेकॉर्डिंगचा आयएसआरसी क्रमांक असतो. या ओळीला रचना जोडायची, रचनेला गीतकार आणि गीतकाराला त्याची संस्था. यातला एक जरी सांधा सुटला तरी पैसे बाजूला काढून ठेवतात. ते कायमचे ठेवत नाहीत. युरोपात नियमाने साधारण तीन वर्षे वाट पाहतात, अमेरिकेतही कायद्याने किमान तीन वर्षे आहेत, आणि त्यानंतर धनी सापडला नाही तर ती रक्कम इतर सदस्यांत वाटली जाऊ शकते. हे आकडे लहान नसतात. अमेरिकेत स्ट्रीमिंगमधले रचनेचे पैसे गोळा करणारी एमएलसी ही संस्था २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा स्ट्रीमिंग कंपन्यांनी आधीच्या वर्षांची, धनी न सापडलेली म्हणून ४२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम तिच्याकडे सोपवली. त्यात जगभरातल्या गीतकारांचे पैसे होते.

म्हणून माझा पहिला प्रश्न: तुम्ही आयपीआरएसचे सदस्य आहात का? तुम्ही ते लिहिलेले नाही, आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. नसाल तर आजपर्यंत परदेशातून रचनेचा एक रुपयाही तुमच्याकडे यायला वाट नव्हती. सदस्यत्वासाठी पॅन, आधार, बँकेचा पुरावा आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा तपशील लागतो. आपल्याकडे अर्ज अडतात ते नावामुळे. आधारवर वडिलांचे नाव मधे असते, पॅनवर नसते, पासबुकावर आडनाव आधी असते. अर्ज भरण्याआधी ही तिन्ही नावे जुळवून घ्या. त्यात एक-दोन महिने गेले तरी चालतील.

सदस्य झालात की तुम्हाला एक आयपीआय क्रमांक मिळतो. हा जगभर चालतो आणि एकाच माणसाचा असतो. टोपणनावाने लिहीत असाल, शाहीर अमुक किंवा कवी तमुक, तर ते नावही त्याच नोंदीखाली जोडून घ्या, नाहीतर टोपणनावाने वाजलेले गाणे तुमचे आहे हे कुणालाच कळणार नाही.

हे कसे बिघडते ते एका गीतकाराच्या कागदांवरून सांगतो. त्यांचे आडनाव व अक्षराने सुरू होते. डिस्ट्रिब्युटरकडे ते रोमनमध्ये डब्ल्यूने लिहिलेले, यूट्यूबच्या वर्णनात व्हीने, आणि आयपीआरएसच्या नोंदीत पूर्ण नावाऐवजी दोन आद्याक्षरे आणि आडनाव. गाण्याच्या नावात 'माह्या' होते, ते तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले. एका ठिकाणी गाण्याच्या नावापुढेच 'न्यू भीमगीत डीजे सॉंग' असे जोडलेले. परदेशातल्या यंत्राच्या लेखी ही तीन वेगळी माणसे आणि तीन वेगळी गाणी. आम्ही एका वहीत प्रत्येक गाण्याला एक पान दिले. त्यावर गाण्याचे एकच अधिकृत नाव, इतर सगळी नावे 'पर्यायी नावे' म्हणून, गीतकार आणि संगीतकाराचे आयपीआय क्रमांक, गायक, प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी, आणि हिस्से. मग त्या पानावरून आयपीआरएसची नोंद दुरुस्त केली आणि डिस्ट्रिब्युटरकडची नावेही बदलून घेतली. पुढच्या काही वाटपांत आधी कधी न दिसलेले देश त्यांच्या स्टेटमेंटमध्ये दिसू लागले. रक्कम मोठी नव्हती, पण ती त्यांची होती.

आयएसआरसीबद्दल एक सांगून ठेवतो, कारण इथे नुकसान न कळत होते. स्वस्त योजना मिळाली की लोक डिस्ट्रिब्युटर बदलतात आणि तेच रेकॉर्डिंग नव्याने चढवतात. त्यावेळी जुना क्रमांक टाकला नाही तर नवा तयार होतो. मग एकाच रेकॉर्डिंगचे दोन क्रमांक फिरतात, आणि रचनेची नोंद जुन्यालाच जोडलेली राहते. बदल करण्याआधी जुने सगळे आयएसआरसी उतरवून घ्या आणि तेच वापरा. रचनेचा क्रमांक वेगळा, तो आयएसडब्ल्यूसी, 'टी'ने सुरू होतो आणि संस्थेकडे रचनेची रीतसर नोंद झाल्यावर मिळतो. तो क्रमांक अजून आलेला नसेल तर नोंदीत काहीतरी अपुरे आहे असे समजून विचारणा करा.

आता हिस्से. आपल्या भागात हेच सर्वांत कच्चे असते. नाटकाचे गाणे कसे तयार होते ते तुम्हाला ठाऊक आहे. तालमीत तुम्ही शब्द देता, ऑर्गनवाले मास्तर चाल बसवतात, एखादी ओळ गायिका बदलते, आणि पडदा उघडतो. पुढे तेच गाणे रेकॉर्ड होते तेव्हा तुम्ही शंभर टक्के आपल्या नावावर टाकता, मास्तर त्यांच्या नावावर शंभर टाकतात. दोघांचेही मन साफ असते, पण संस्थेच्या नोंदीत हिस्सा दोनशे टक्के होतो. शंभराच्या वर हिस्सा गेला की गाण्याचे पैसे अडवले जातात, आणि दोघांनाही काही मिळत नाही. साध्या कागदावर लिहा: गाण्याचे नाव, तारीख, शब्द अमुकचे, चाल तमुकची, हिस्सा निम्मा-निम्मा किंवा जो ठरला तो. दोघांच्या सह्या, दोन्ही आयपीआय क्रमांक. फोटो काढून दोघांनी ठेवा. पैसे येण्याआधी हा कागद होतो, आल्यावर होत नाही.

मास्तर सदस्य नसतील तर काय, असे बरेच जण विचारतात. तुमचा हिस्सा तुमच्या नावावर राहतो, त्यांचा त्यांच्या नावावर रिकामा राहतो. तो आपल्याकडे ओढायचा नाही. त्यांना सदस्य करून घेणे हाच खरा उपाय, कारण रचनेची नोंद पूर्ण असली की तुमचाही पैसा लवकर सुटतो.

चालीबाबत जास्त स्पष्ट बोलले पाहिजे. तुमच्या यादीत भीमगीते बरीच आहेत, आणि आपल्याकडे भीमगीते आणि लग्नगीते हिंदी सिनेमाच्या चालीवर बांधायची जुनी रीत आहे. माणसाला गाणे चटकन तोंडपाठ व्हावे हा त्यामागचा चांगला हेतू होता, आणि त्या गाण्यांनी गावोगाव मोठे काम केले. पण हक्कांच्या हिशेबात चाल मूळ संगीतकाराची आणि प्रकाशकाची आहे. परवानगीशिवाय केलेल्या अशा गाण्यावर यूट्यूब आपोआप दावा लावते, आणि रचनेच्या नोंदीत तुम्ही स्वतःला संगीतकार लिहिले तर ती नोंद खोटी ठरते. अशी गाणी वेगळी काढा. त्यांच्याकडून परदेशी पैशांची अपेक्षा धरू नका, आणि त्यांच्यामुळे तुमच्या स्वतंत्र गाण्यांवर शंका येऊ देऊ नका.

परंपरेने आलेली चाल, म्हणजे दंडारीतली किंवा जात्यावरची, ही कुणा एकाची नाही. त्यावर तुम्ही नवे शब्द लिहिले तर शब्द तुमचे, चाल 'पारंपरिक' अशीच नोंदवायची. संताच्या शब्दांना चाल लावली असेल तर तारीख पाहा. आपल्याकडे गीत आणि संगीताचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तुकोबांचे अभंग सगळ्यांचे झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण मात्र १९६८ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या भजनांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत चालतो. खंजिरीवर त्यांची भजने म्हणणाऱ्या आपल्या अनेक मंडळांना हे माहीत नसते.

आता त्या स्थानिक कंपनीकडे. तुम्ही बहुधा शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही केली असेल, ठोक रक्कम घेतली असेल, आणि कागदावर 'सर्व हक्क दिले' असे असेल. म्हणून तुमचे सगळे गेले, असे समजू नका. कॉपीराइट कायद्यात जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, रेकॉर्डिंगसाठी गीत किंवा चाल देणाऱ्याला त्या गाण्याच्या पुढच्या वापराच्या रॉयल्टीत हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा मिळतो. हा वाटा कुणाला सोडून देता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. 'रॉयल्टी मागणार नाही' असे लिहून घेतले असले तरी ते वाक्य टिकत नाही.

तो कागद काढा आणि आणखी दोन गोष्टी शोधा: हक्क किती वर्षांसाठी दिले आणि कोणत्या प्रदेशासाठी. कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे की मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो फक्त भारत धरायचा. म्हणजे गावात लिहिलेल्या घाईच्या करारात 'जगभर' हा शब्द राहून गेला असेल, तर परदेशातले हक्क तुमच्याकडेच असू शकतात. शिवाय हक्क देणे लेखी आणि सहीनिशी असावे लागते, नुसत्या तोंडी बोलण्याने ते होत नाही. मात्र तुमच्या कागदावर नेमके काय आहे ते मला दिसत नाही, म्हणून त्यावरून कुणाशी वाद घालण्याआधी वकिलाला एकदा दाखवा. कंपनीने आयपीआरएसकडे तीच गाणी मालक म्हणून नोंदवली असतील तर तिचा हिस्सा आणि तुमचा हिस्सा जुळतो का, तेही तपासा.

एवढे झाल्यावर अमेरिकेचा विचार करा. तिथे रचनेचे पैसेच दोन रस्त्यांनी येतात. सार्वजनिक वादनाचे पैसे एएससीएपी, बीएमआय यांसारख्या संस्था गोळा करतात. स्ट्रीमिंगच्या मेकॅनिकल हक्काचे, म्हणजे गाण्याची प्रत करण्याच्या हक्काचे, पैसे एमएलसीकडे जमतात. आयपीआरएसचे सदस्य होताना आपण हे दोन्ही प्रकारचे हक्क तिच्याकडे सोपवतो. त्यानंतर तुम्ही स्वतः एमएलसीत तेच गाणे नोंदवले तर एका हिस्स्यावर दोन दावे होतील आणि पैसे पुन्हा अडकतील. म्हणून 'थेट नाव घालू का' याचे उत्तर परिस्थितीवर आहे. आयपीआरएसचे सदस्य असाल तर तिला ईमेलने विचारा: माझ्या या गाण्यांचा अमेरिकेतला मेकॅनिकल हिस्सा तुम्ही मागता का? सदस्य नसाल आणि व्हायचे नसेल तर एमएलसीत स्वतः जाता येते, फी नाही.

आत्ताच करण्यासारखे एक काम मात्र आहे. एमएलसीची शोधयादी कुणालाही उघडी आहे. तिथे गाण्याचे आणि गीतकाराचे नाव घाला. गाणे सापडले तर त्यापुढे ज्ञात हिस्से किती ते दिसते. शंभराच्या खाली आकडा असेल तर उरलेला हिस्सा कुणीच मागितलेला नाही. नाव सापडलेच नाही तर दुसऱ्या स्पेलिंगने शोधा. मोबाईलवर अर्धा तास बसलात तरी पंचवीस गाण्यांचे चित्र समोर येईल, आणि कुणाला पैसे द्यायचे का हे तुम्हीच ठरवू शकाल.

रेकॉर्डिंगच्या बाजूला अमेरिकेतली साउंडएक्स्चेंज तिथल्या इंटरनेट रेडिओसारख्या सेवांचे पैसे गोळा करते. त्यातले ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाचे आणि ४५ टक्के मुख्य कलाकाराचे. तुम्ही गात नसाल तर हा गायकाचा विषय आहे, त्यांना सांगून ठेवा. नोंदणी मोफत आहे.

कर. यूट्यूब किंवा अमेरिकी डिस्ट्रिब्युटर तुम्हाला थेट पैसे देत असेल तर डब्ल्यू-८बेन हा, आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असे कळवणारा कराचा फॉर्म भरलेला आहे का पाहा. तो नसेल तर अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करारामुळे हा दर १५ टक्क्यांवर येतो. यूट्यूबवर कराची माहिती मुळीच दिली नसेल तर वैयक्तिक खात्याच्या जगभरातल्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. फॉर्ममध्ये पॅन टाकता येतो. सही केल्याच्या वर्षानंतरची तीन वर्षे संपली की पुन्हा भरावा लागतो. तिकडे कापलेल्या कराची इकडे वजावट मिळते, त्यासाठी सीएला स्टेटमेंट दाखवा.

भीमगीतांच्या बाबतीत एक पैसा हमखास सुटतो, तो कार्यक्रमांचा. इंग्लंड-अमेरिकेत आंबेडकर जयंतीचे मोठे कार्यक्रम होतात, महाराष्ट्र मंडळांचे होतात, आपले गायक तिकडे जातात. सभागृहाने संस्थेची फी भरलेली असू शकते, पण कोणती गाणी झाली हे कुणी कळवत नाही. तुमचे गाणे घेऊन गायक जात असेल तर निघण्याआधी त्यांच्याकडून गाण्यांची यादी, सभागृहाचे नाव, शहर, तारीख आणि आयोजकाचा तपशील मागा. कार्यक्रमाचे पत्रक आणि व्हिडिओ ठेवा. हे सगळे आयपीआरएसला पाठवले की तिकडच्या संस्थेकडे मागणी करता येते. स्ट्रीमिंगच्या बारीक रकमांपेक्षा असा एखादा कार्यक्रम कधीकधी जास्त देतो.

आता पंधरा हजारवाल्याबद्दल. परदेशी वसुली करून देणारे प्रामाणिक लोक आहेत. ते साधारणपणे जे गोळा होईल त्यातून दहा ते पंचवीस टक्के घेतात, कारण त्यांनाही गाणे चालले तरच मिळते. आधी रोख मागणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा. माझे आयपीआरएस सदस्यत्व असताना तुम्ही कोणत्या देशात कोणता हक्क गोळा करणार? करार संपल्यावर गाणी किती दिवसांत माझ्या नावावर परत येणार? संस्थांची मूळ स्टेटमेंट मला पाहायला मिळणार का? 'सगळे देश, सगळे हक्क' असे उत्तर आले तर तुमच्या सध्याच्या नोंदींशी ते आदळणार. तुमच्या अहवालातले परदेशी ऐकणारे अजून काही हजारांत असतील तर अशा माणसाची तुम्हाला आत्ता गरजच नाही. ते लाखांत गेले, आणि नोंदी स्वच्छ असूनही दोन वर्षांत रचनेचे काही आले नाही, तर मी स्वतः परदेशी वसुली पाहणारा असा चांगला माणूस शोधायला सांगेन. परदेशातून पैसे फिरून यायला एक वर्ष सहज जाते, कधी जास्तही, त्यामुळे सहा महिन्यांत निकाल काढू नका.

एक विनंती. तुमच्या गावात किंवा मंडळात एखाद्या जुन्या शाहिराचे घर असेल तर त्यांच्या वारसांनाही हे सांगा. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो आणि वारसांना संस्थेत नोंद करता येते, पण मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे आणि गाण्यांची यादी लागते. ती यादी ज्यांना आठवते ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. आधी त्यांच्याकडे बसून लिहून घ्या, अर्ज मागाहून करता येतो.

दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की मास्तर आणि गायक वेगवेगळ्या मंडळांबरोबर रात्रभर फिरतीवर असतात, सह्या मिळत नाहीत. हिस्स्यांचे कागद त्याआधी करा. आयपीआरएसचे सदस्यत्व आहे की नाही, कंपनीच्या करारात मुदत आणि प्रदेश काय लिहिलाय, आणि एमएलसीच्या यादीत किती गाणी सापडली, या तीन गोष्टी कळवा. त्यावरून कोणते गाणे आधी हातात घ्यायचे ते सांगतो.